सातबाऱ्यावर न दिसणारी कातळशिल्पे

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

हिवाळी सुट्टीत कोकणात कुठे जावे हे सांगणारा मजकूर आपल्या दैनिकाच्या पुरवणीत नुकताच वाचला आणि त्यात गणपतीपुळे, विजयदुर्ग यांच्या पंगतीला आमच्या सड्यांवरील, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळांवरील, कातळशिल्पांचेही पान मांडलेले पाहून आनंद झाला. वाट कशी आहे, गाडी कुठवर जाते, जेवणाची सोय कुठे होते, हे सारे त्यात होते. ती शिल्पे ज्या जमिनीवर आहेत ती जमीन कोणाची, कागदोपत्री तिची नोंद काय, आणि पुढच्या वर्षी जाणाऱ्याला ती तेथे सापडतील याची हमी कोणती, याविषयी मात्र एक ओळही नव्हती. मी तीस वर्षे भूकरमापक म्हणून नोकरी केली आणि राजापूर व रत्नागिरी तालुक्यांतील बरेचसे सडे साखळी ओढत पायांखाली घातले, त्यामुळे ही उणीव मला इतरांपेक्षा जरा जास्त टोचली. ती मांडण्यापूर्वी नागपूरजवळच्या एका जागेविषयी लिहिणे भाग आहे, कारण आपल्या सड्यांचे दुखणे नेमके काय आहे, ते मला प्रथम तेथे उभे असताना कळले.

माझी मुलगी नागपूरला दिली आहे. गेल्या वर्षी जानेवारीत तिच्याकडे गेलो असता आमच्या व्याह्यांनी एका सकाळी काटोल रस्त्याने जुनापाणीला नेले. शहर मागे पडते न पडते तोच माळ सुरू होतो आणि त्या माळावर, पिवळ्या गवतातून डोके वर काढलेली, काळ्या दगडांची वर्तुळे दिसू लागतात. ती एक-दोन नाहीत, सुमारे ३०० आहेत. काही वर्तुळे दहा-बारा पावलांत ओलांडता येतात, काहींना त्याच्या दुप्पट पावले पडतात. कडेने मोठाले धोंडे मांडलेले आणि आत मातीगोट्यांचा भराव, ताटातल्या भाताच्या मुदीसारखा मध्ये किंचित फुगलेला. ही लोहयुगातील माणसांची दफनस्थाने आहेत. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात त्यांतील काही उकरून पाहिली आणि पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बी. के. थापर यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, कट्यारी, काळी-तांबडी मडकी अशा वस्तू या वर्तुळांखाली निघाल्या. नागपूर जिल्ह्यातच माहुरझरी येथे शां. भा. देव यांनी केलेल्या उत्खननात माणसांबरोबर पुरलेले घोडे आणि त्या घोड्यांचे तांब्याचे दागिने मिळाले, तर नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात विदर्भातली माणसे लोखंड घडवत होती, घोडे बाळगत होती आणि आपल्या मृतांसाठी एवढे धोंडे वाहून आणत होती, हे त्या माळावर चालता चालता सहज पटते.

कडेच्या काही धोंड्यांवर वाटीएवढे उथळ खळगे ओळीने कोरलेले आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी त्यांची मोजदाद केली, तेव्हा असे खळगे असलेले धोंडे वर्तुळाच्या ठराविक तीन दिशांनाच एकवटलेले आढळले, आणि त्यावरून या मांडणीचा संबंध ऋतुमान मोजण्याशी असावा असा तर्क त्यांनी मांडला आहे. मला तो तर्क एका घासात गिळता आला नाही. परंतु जन्मभर मोजणी केलेल्या माणसाला दुसऱ्या कोणी काळजीपूर्वक मोजलेले पाहून बरे वाटते, एवढे खरे.

परतताना व्याह्यांनी विचारले, ‘‘अहो, तुमच्याकडे कोकणात असलं काही आहे का?’’ मी म्हणालो, ‘‘आहे. पण तुमचं उभं आहे, आमचं आडवं आहे.’’ गंमत म्हणून दिलेले ते उत्तर नंतर रात्रभर डोक्यात घोळत राहिले. शिळावर्तुळ वाटेत आडवे येते. त्याला नांगराचा फाळ अडतो, बैलगाडीला वळसा घ्यावा लागतो आणि ज्याला इतिहासाचे काडीचे प्रेम नाही असा माणूसही हे धोंडे येथे कोणी मांडले असे एकदा तरी मनाशी म्हणतो. जुनापाणीची वर्तुळे राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून संरक्षित झाली यात त्यांच्या या आडमुठेपणाचाही वाटा असला पाहिजे. आमचे कातळशिल्प कोणालाच अडवत नाही. बोटभर खोलीची रेषा ती. पावसाळ्यात तिच्यावर गवत वाढते, उन्हाळ्यात ते गवत जळून कातळ काळा पडतो आणि भर दुपारी तिच्यावरून ट्रक नेला तरी चालकाला ठेचही लागत नाही.

व्याह्यांना ही आडवी दुनिया दाखवण्याचा योग या डिसेंबरात आला. आम्ही प्रथम राजापूर तालुक्यात कशेळीला गेलो. कशेळी कनकादित्याच्या देवळासाठी सर्वांना ठाऊक आहे, पण तेथील सड्यावर एका हत्तीची सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आकृती कोरलेली आहे आणि त्या हत्तीच्या अंगात इतर कितीतरी प्राणी भरलेले आहेत. आम्ही पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. व्याही हत्तीच्या सोंडेपाशी उभे होते आणि मला विचारत होते की, हत्ती कुठे आहे. ऊन डोक्यावर असले की रेषेची सावली रेषेतच पडते आणि सारा सडा एकसारखा तपकिरी दिसतो. चार तास देवळाच्या आवारात काढून आम्ही उन्हे कलल्यावर पुन्हा गेलो. तिरप्या उजेडात आधी पाठीचा कणा उमटला, मग पाय, मग सोंड आणि सरतेशेवटी पोटातली बारीकसारीक जनावरे एकेक करून जागी झाली. व्याहीबुवा चपला हातात घेऊन गुडघ्यांवर बसले. पुरवणीतील मजकुरात या प्रवासाला ‘अर्धा तास पुरे’ असे म्हटले होते. वाचकांना माझी विनंती आहे की त्यांनी सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्ताआधीचा दीड तास हाती ठेवूनच जावे, एरवी पेट्रोल वाया जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळची चौकोनी, गुंतागुंतीची रचना पाहिली आणि तेथून देवाचे गोठणे गाठले. तेथील सड्यावरील मनुष्याकृतीपाशी होकायंत्राची सुई भरकटते, हे आता बहुतेकांनी ऐकलेले असते आणि येणारे हौशी लोक मोबाइल काढून तेवढेच करून पाहतात. याचे मला फारसे अप्रूप वाटले नाही. जांभा मुळात लोहाने भरलेला दगड आहे, आणि फलक मोजणीच्या, म्हणजे तिपाईवरच्या फळीवर जागेवरच नकाशा काढण्याच्या, दिवसांत सड्यावर सुईवर विसंबायचे नाही, हे आम्हांला वरिष्ठ मापक पहिल्याच हंगामात शिकवीत. सुईच्या गमतीपायी समोर पडलेला माणूस नजरेतून निसटतो, ही माझी खरी तक्रार आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात आणि सिंधुदुर्गात मिळून अशी हजाराहून अधिक चित्रे आजवर नोंदली गेली आहेत, आणि त्यातील फार मोठा वाटा सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व सुरेंद्र ठाकुरदेसाई या शोधकांच्या पायपिटीचा आहे. त्यांनी गावोगावच्या गुराख्यांना, गवत कापणाऱ्यांना आणि वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारत ही ठिकाणे धुंडाळली. सिंधुदुर्गात मालवण तालुक्यातील कुडोपीचा सडा सतीश लळीत यांनी २०१२ साली अभ्यासकांपुढे आणला. गावकऱ्यांना मात्र ही चित्रे ‘पांडवांची’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतीच. हत्ती, वाघ, हरिण, मोर, शार्क यांच्याबरोबर गेंडा आणि पाणघोडा असे कोकणात आज कुठेही नसलेले प्राणी काही ठिकाणी दिसतात. नांगर किंवा शेती दाखवणारे चित्र सापडत नाही, म्हणून ही शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणाऱ्या, शेती येण्यापूर्वीच्या माणसांची करणी असावी, असे पुरातत्त्वाच्या अभ्यासकांचे मत आहे. तसे असेल तर जुनापाणीचे लोहार आणि आमच्या सड्यावरचे चित्रकार यांच्यात हजारो वर्षांचे अंतर पडते. २०२२ साली ‘युनेस्को’च्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कशेळी, उक्षी, जांभरुण, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातील फणसाईमळ अशी नऊ स्थळे समाविष्ट झाली. उक्षीला ग्रामस्थांनी पुढाकार घेऊन हत्तीभोवती चिऱ्याचा कठडा उभारला, तो पाहण्यासारखा आहे. बारसूचा सडा २०२३ साली वेगळ्याच कारणाने, तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वादाने, गाजला. त्या वादात या पत्रापुरता मी पडत नाही, कारण मला जे म्हणायचे आहे ते प्रकल्प आला तरी आणि न आला तरी तितकेच लागू आहे.

आता माझ्या स्वतःच्या हातून घडलेली गोष्ट सांगतो. १९९१ सालच्या मार्चमध्ये एका गावच्या सड्याची हिस्सेमोजणी मजकडे होती. गावाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण आज तेथे पाहण्यासारखे काही उरलेले नाही. मी फलकाची तिपाई रोवत असताना निशाण धरायला आलेला वाडीतला एक म्हातारा म्हणाला, ‘‘सायबानू, तिपाय जरा बाजूक घेवा. खाली पांडवांचो मनीस निजलोहा.’’ मी खाली वाकून पाहिले. दोन्ही पाय फाकून उभा राहावा तसा, पुरुषभर उंचीचा माणूस कातळावर कोरलेला होता आणि त्याच्या बाजूला एक मासा होता. मला हसू आले. मी तिपाई दोन हात सरकवली आणि काम पुढे चालू केले. त्या दिवशी नकाशावर मी ओहोळ दाखवला, पायवाट दाखवली, गडगा दाखवला, सीमेवरचे वडाचे झाडही दाखवले. मोजणीच्या नकाशात देवळाला खूण आहे, विहिरीला आहे, हद्दीच्या दगडाला आहे. झोपलेल्या माणसाला खूण नव्हती, म्हणून तो नकाशावर आला नाही, आणि यावा असे मलाही त्या वेळी वाटले नाही.

चार वर्षांपूर्वी त्याच सड्यावर चिरेखाण सुरू झाली. चिऱ्याचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना माहीत असेल की, जांभ्याची वरची साल वर्षानुवर्षांच्या उन्हापावसाने टणक आणि खडबडीत झालेली असते. ती चिऱ्याच्या कामाची नसते. यंत्राने ती आधी सोलून बाजूला लोटतात आणि खालच्या एकसारख्या थरातून चिरे कापतात. कातळशिल्प असते ते नेमके त्या वरच्या सालीवर, म्हणजे खाणवाल्याच्या लेखी जो कचरा त्याच्यावर. मी बातमी ऐकून गेलो तेव्हा त्या जागी दोन पुरुष खोलीचा चौकोनी खड्डा होता, त्यात हिरवे पाणी साचलेले होते आणि कडेला फोडलेल्या सालीचा ढीग होता. त्या ढिगात मी अर्धा दिवस मासा शोधला.

कोणी नियम मोडला असेल म्हणून मी परवान्याचे कागद मिळवून वाचले. एकही कागद खोटा नव्हता. सातबारा बरोबर होता, सर्व हिस्सेदारांच्या वतीने मुखत्यारपत्र होते, रीतसर स्थळपाहणी झालेली होती आणि अर्जाला जोडलेला नकाशा १९९१ च्या मोजणीवर बेतलेला होता. म्हणजे माझाच. त्या नकाशावर त्या जागी कोरा कागद होता आणि कोऱ्या कागदावर खाण घालू नये असे कोणत्याही अधिकाऱ्याने का म्हणावे?

कोकणातील जमिनीचे कागद ज्यांनी हाताळलेले नाहीत, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. सड्याची जमीन आमच्याकडे सातबाऱ्यावर बहुधा वरकस, म्हणजे हलक्या प्रतीची, किंवा पोटखराबा म्हणून लागलेली असते. पोटखराबा याचा अर्थ लागवडीस अयोग्य असलेले क्षेत्र. त्यावर आकारणी नाही किंवा असली तरी काही पैशांची. महसुलाच्या दृष्टीने हा शब्द चूक नाही, पण तीन पिढ्या तो कानांवर पडत राहिल्याने सडा म्हणजे वाया गेलेली जागा, अशी समजूत खुद्द कोकणी माणसाची झाली आहे. पहिल्या पावसाबरोबर त्या वाया गेलेल्या जागेत पांढरी दीपकाडी फुलते, जी आपल्या या किनारपट्टीच्या सड्यांखेरीज जगात इतरत्र आढळत नाही, आणि श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवे व दवबिंदू कातळ झाकून टाकतात. यातले सातबाऱ्यावर काही येत नाही, तसे यायची अपेक्षाही नाही. परंतु एकाच खात्यावर पंधरा-वीस सामाईक खातेदार, त्यांतील बहुतेक मुंबईत आणि निम्म्यांनी तो सडा जन्मात पाहिलेला नाही, अशी स्थिती असताना जमीन विकली जाते ती पूर्णपणे कागदावर. विकणारा कागद पाहतो, घेणारा कागद पाहतो, परवाना देणाराही मुख्यतः कागदच पाहतो. मग कोणी चिरेखाण घालतो, कोणी कातळात सुरुंगाने खड्डे पाडून, त्यात माती भरून हापूसची कलमे लावतो, कोणी बंगल्यांसाठी सपाटी करतो. यांपैकी कोणालाही दोष देण्याची माझी इच्छा नाही. मी स्वतः हापूस खातो आणि माझे घर चिऱ्याचे आहे.

म्हणून माझी सूचना अगदी छोटी आहे. ज्या सर्व्हे नंबर व हिस्सा नंबरात कातळशिल्प आहे, त्याच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात तशी नोंद घ्यावी आणि मोजणीच्या व गावच्या नकाशावर शिल्पाची जागा स्वतंत्र खुणेने दाखवावी. या रकान्यात आजही बँकेचा बोजा लागतो, कुळाचे नाव लागते, विहिरीतला हिस्सा आणि पायवाटेचा हक्क लागतो, पुनर्वसनासाठी घातलेले निर्बंध लागतात. पाच मीटर पायवाटेची नोंद होऊ शकते, तर दहा हजार वर्षे जुनी असू शकेल अशा हत्तीची का होऊ नये, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही. स्थळांची यादी अभ्यासकांकडे आहे, अक्षांश-रेखांश आहेत, आणि आता साखळी ओढण्याचेही कारण उरलेले नाही; उपग्रहाच्या आधाराने चालणाऱ्या मोजणी यंत्राने एका स्थळाचे काम एका सकाळीत होते. ड्रोनने मोजणी झाली ती गावठाणांची, सडे त्यात नव्हतेच. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी असे भारदस्त पदनाम मिळाले आहे. त्याच्या स्थळपाहणीच्या नमुन्यात ‘क्षेत्रात कातळशिल्प आहे काय’ असा एक प्रश्न वाढवला, तरी खाणीच्या प्रत्येक अर्जाला त्या प्रश्नापाशी थांबावे लागेल. शिळावर्तुळ धोंड्याने अडवते. आमच्या चित्राला अडवण्यासाठी कागदच हवा.

या सूचनेवर जमीनमालकांचा आक्षेप मला तोंडपाठ आहे, कारण तो मी माझ्या चुलतभावांकडून ऐकला आहे. नोंद लागली की सरकार जमीन घेणार, निदान तिची किंमत उतरणार, त्यापेक्षा नोंद लागण्याआधीच रेषा घासून टाकलेल्या बऱ्या, असे उघड बोलणारेही आहेत. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते, हे लोकांच्या कानांवर गेलेले आहे, आणि एखाद्या गरीब शेतकऱ्याच्या दोन एकरांत असे स्मारक निघाले तर त्याला ते आपत्तीच वाटणार. पण तो कायदा अधिसूचना काढून संरक्षित केलेल्या स्मारकाला लागतो. राज्याच्या १९६० च्या कायद्यालाही स्वतंत्र अधिसूचना लागते. सातबाऱ्यावरची साधी नोंद मालकी हलवत नाही आणि आपोआप बंदीही आणत नाही. येणाऱ्या माणसाला थांबवून येथे काहीतरी आहे, आधी विचारा, एवढेच ती सांगते. तेवढ्या थांबण्यात शासनाने मालकाशी बोलावे, गरज तेवढ्या गुंठ्यांपुरता मोबदला ठरवावा, आणि उरलेल्या क्षेत्रात त्याला जे करायचे ते करू द्यावे. जेथे पर्यटक येतात तेथे गाडी लावण्याचे, वाट दाखवण्याचे आणि कोकम सरबताचे पैसे प्रथम त्या मालकाच्या वाडीला मिळावेत. मालकाला काहीच मिळत नसेल, तर शिल्प जपण्याची अपेक्षा त्याच्याकडून करण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पर्यटकांविषयीही दोन वाक्ये लिहितो. छायाचित्रात रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू किंवा चुना भरणारे लोक मी या डिसेंबरातही पाहिले. असे करू नये, आणि चित्रावर चप्पल-बुटांनी चढू नये. रेषेत साचलेली माती काढायची असेल तर ती वाडीतल्या माणसाला खराट्याने काढू द्यावी, त्याला तो खराटा किती जोराने ओढायचा ते ठाऊक असते. कडेला सिमेंटचे मनोरे बांधून वरून चित्र दाखवण्याच्या योजना ऐकू येतात, त्यांचा पाया खणताना शेजारी आणखी काही कोरलेले नाही ना, हे आधी पाहिले जावे इतकीच अपेक्षा आहे. सड्यावर एक चित्र सापडले की आसपास दुसरे असतेच, असा आजवरचा अनुभव आहे.

‘युनेस्को’ची तात्पुरती यादी ही उमेदवारीची पहिली पायरी आहे. आज ना उद्या तज्ज्ञ पाहणीला येतील तेव्हा त्यांना नऊ स्थळे दाखवता येतील, याबद्दल मला शंका नाही, कारण त्या नऊंवर सर्वांचे डोळे आहेत. माझी काळजी उरलेल्या सड्यांची आहे, ज्यांची नावे पुरवणीत येत नाहीत, जेथे कठडा नाही, फलक नाही, आणि ज्यांचा कागद अद्याप कोरा आहे.

आमच्या घराण्याच्या सामाईक सड्यावरही एक आकृती आहे. ती हरणाची की गाईची यावर आमच्यात एकमत नाही, पण तिच्या चारही पायांवर अजून कोणाचे यंत्र चढलेले नाही. तिची नोंद इतर हक्कांत घ्यावी, असा अर्ज मी तयार केला असून तो पुढील ग्रामसभेपुढे ठेवणार आहे. नकाशाचा मसुदा मीच काढला आणि त्यावर त्या आकृतीसाठी, नियमात नसलेली, एक खूणही घातली आहे. सतरा खातेदारांपैकी अकरा जणांच्या सह्या झाल्या आहेत. उरलेले सहा मुंबईला असतात. त्यांतल्या चौघांनी गणपतीत गावी आल्यावर पाहू, असे सांगितले आहे आणि दोघांना तो सडा कुठे आहे हे अजून सांगतो आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूकरमापक,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी